पीपीसी की मीडियम लेझर: हिशोब उष्णतेचा

मंडळी, बॅटलटेक या टेबलावरच्या युद्धखेळात नवा मेक (महाकाय लढाऊ यंत्रमानव) बांधायला बसलं की शस्त्रांच्या तक्त्यात नजर आधी नुकसानाच्या आकड्यावर जाते. पीपीसी (पार्टिकल प्रोजेक्टर कॅनन ही तोफ) 10, लार्ज लेझर 8, मीडियम लेझर 5. मग पीपीसी लावायची हे जवळजवळ ठरूनच जातं. माझा आग्रह आहे, शेजारचा उष्णतेचा रकाना आधी वाचा.

पीपीसीचं वजन 7 टन आणि उष्णता 10. ती उष्णता त्याच फेरीत घालवायची तर 1 टनाचे, प्रत्येकी 1 उष्णता घालवणारे 10 साधे हीट सिंक हवेत. म्हणजे खरं वजन 17 टन. लार्ज लेझरचं 5 अधिक 8, म्हणजे 13. मीडियमचं 1 अधिक 3, फक्त 4. चार मीडियम 16 टनांत 20 नुकसान करतात, पीपीसी 17 टनांत 10. इंजिनाबरोबर पहिले 10 सिंक बिनवजनाचे मिळतात, म्हणून पहिली पीपीसी स्वस्त वाटते. खरी किंमत दुसरी लावताना कळते. दुप्पट उष्णता घालवणारे डबल सिंक घेतले तर पीपीसीचं 17 टनांचं ओझं 12 टनांवर येतं, पण इनर स्फिअर या गटाचा प्रत्येक डबल सिंक मेकमधल्या 3 जागा खातो.

मग पीपीसी घ्यायचीच कशाला? पल्ल्यासाठी. मीडियम 9 हेक्सला (नकाशावरच्या षटकोनी घरांना) संपतो, पीपीसी 18 पर्यंत पोचते. शिवाय डोक्यावर चिलखत जास्तीत जास्त 9 असतं. 10 चा फटका ते फोडून आत जातो, 5 चा जात नाही. मात्र शत्रू 3 हेक्सवर आला की पीपीसीच्या नेमासाठी फाशांवर लागणाऱ्या आकड्यात +1, 2 वर +2, अगदी शेजारी +3.

म्हणून आधी टेबल बघा. एका नकाशावर 15 बाय 17 हेक्स असतात. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर एकच नकाशा मावत असेल, तर दोन-तीन फेऱ्यांत सगळे मीडियमच्या टप्प्यात येतात. दोन नकाशे लांबीला लांबी जोडले, की पीपीसीला वाव मिळतो.

पल्स लेझरबद्दल मोठा गैरसमज आहे. मीडियम पल्सला नेमात −2 मिळतात, पण त्याचे जवळचा, मधला, लांबचा असे टप्पे 2, 4, 6 हेक्सपर्यंत. साध्याचे 3, 6, 9. हेक्स मोजून बघा: 3 वर दोघं सारखे, 5 आणि 6 वरही सारखे. पल्सचा नेम सरस ठरतो तो फक्त 1, 2 आणि 4 वर. त्यासाठी दुप्पट वजन, 1 जास्त उष्णता, आणि बदल्यात 1 जास्त नुकसान. मी साधाच घेईन.

आता उष्णता सांभाळायची कशी? ऑसम 8क्यू हा मेक घ्या: 80 टन, 3 पीपीसी, 28 सिंक. चालत तिन्ही डागल्या तर चालण्याची 1 धरून उष्णता 31, शिल्लक 3. पुन्हा तिन्ही डागल्या की 6. आता 5 ओलांडले, चाल एकने घटली. तिसऱ्या फेरीत मोह आवरा, दोनच डागा. काटा शून्यावर येतो. तिन्ही डागल्या तर 9, आणि 8 पासून नेमाला +1. जिथे 7 लागत होते तिथे 8 लागतात, म्हणजे 58 टक्क्यांवरून 42.

उलट टोकाला हंचबॅक 4पी. 50 टन, 8 मीडियम, 23 सिंक. धावत आठही डागले तरी धावण्याची 2 धरून शिल्लक 3च. पण सहा लेझर उजव्या धडात आहेत. ते धड गेलं की उजवा हातही त्यातल्या लेझरसकट जातो. उरतो डाव्या हातातला एक मीडियम आणि डोक्यातला स्मॉल लेझर.