तिसऱ्या क्रमांकाचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा लांब, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलला जाऊ या. मुस्तफा नियास हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. मला मात्र या माणसाबद्दल फार आदर आहे.

जन्म १९३९चा. १९७०च्या दशकात ते राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. सेंघोर म्हणजे कवी, स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष. पुढे नियास परराष्ट्रमंत्री झाले. १९८३च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानपद मिळालं, तेही जेमतेम महिनाभर, कारण राष्ट्राध्यक्ष अब्दू दिउफ यांना ते पदच रद्द करायचं होतं! पुढच्याच वर्षी मंत्रिपदही गेलं. १९९३ला पुन्हा परराष्ट्र खातं.

पण त्यांची खरी गोष्ट सुरू होते साठीला टेकल्यावर. १९९९मध्ये त्यांनी सत्ताधारी समाजवादी पक्ष सोडला आणि स्वतःचा पक्ष काढला. ज्या घरात वाढलो त्याचा उंबरा त्या वयात ओलांडायला केवढी हिंमत लागत असेल!

सेनेगलमध्ये राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २०००च्या फेब्रुवारीत दिउफ यांना सुमारे ४१ टक्के, विरोधी नेते अब्दुलाये वाद यांना ३१, आणि नियास यांना जवळपास १७ टक्के मतं पडली. म्हणजे ते शर्यतीतून बाद. पण किल्ली कुणाच्या हाती? त्यांच्याच. त्यांनी वाद यांना पाठिंबा दिला आणि मार्चमध्ये चाळीस वर्षांची सत्ता मतपेटीतून बदलली. दिउफ यांनी स्वतः फोन करून वाद यांचं अभिनंदन केलं. रक्ताचा थेंब न सांडता हे घडलं, श्रोतेहो.

नियास पंतप्रधान झाले, पण वाद यांच्याशी वर्षभरही जमलं नाही. २००७च्या निवडणुकीत तर मतं सहा टक्क्यांच्या आत आली. दुसरा कुणी घरी बसला असता. २०१२ला वाद तिसऱ्या कार्यकाळासाठी उभे राहिले तेव्हा रिंगणात नियास होतेच. पुन्हा तिसरा क्रमांक, सुमारे १३ टक्के. दुसऱ्या फेरीत त्यांनी वाद यांचे प्रतिस्पर्धी माकी साल यांना साथ दिली, आणि ज्यांना बारा वर्षांपूर्वी निवडून आणलं होतं ते वाद हरले.

त्यानंतर नियास राष्ट्रीय सभेचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, अध्यक्ष झाले. २०२२मध्ये त्या आसनावरून उतरले तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं.