बारा इंचांचा ठेका

(दृश्य: फिरती तबकडी, भिंगातून. दोन खाचांमधली मोकळी जागा स्पष्ट दिसते.)

ही एलपी नाही, बारा इंची सिंगल आहे. आकार तोच, बारा इंच, पण या बाजूला एकच गाणं आहे. बाजूला वीस मिनिटं, मिनिटाला ३३ फेरे अशा एलपीवर शेजारशेजारच्या खाचांमध्ये साधारण ०.१३ मिलिमीटर अंतर मिळतं. इथे आठ मिनिटांचं गाणं मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने तेवढ्याच पट्ट्यात पसरलंय, त्यामुळे अंतर ०.२४ च्या आसपास गेलंय.

ही जागा खर्जासाठी. बेस जितका दणदणीत, तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त हेलकावते. जागा नसली तर ती शेजारणीच्या घरात घुसते आणि सुई उडते. सात इंची तबकडीवर खाचा कापणाऱ्या तंत्रज्ञाला म्हणूनच नेहमी तडजोड करावी लागायची: आवाज उतरवा, नाहीतर गाणं आखूड करा.

न्यूयॉर्क, १९७० च्या दशकाचा मध्य. मीडिया साउंड स्टुडिओत मिक्स करणारा टॉम मोल्टन आणि तबकडी कापणारा होजे रोड्रिगेझ. सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून गाणं दहा इंचीवर कापलं. कडेला चिमूटभर खाचा आणि बाकी सगळं कोरं, हे मोल्टनला बघवेना. मग खाचा पसरवल्या, आवाज चढवला. ऐकल्यावर मागे फिरण्याचा प्रश्नच नव्हता. दहावरून बारावर यायला वेळ लागला नाही.

पहिल्या बारा इंची प्रती फक्त डीजेंसाठी होत्या. दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून मान मिळतो तो १९७६ मधल्या, सॅलसोल कंपनीच्या ‘टेन पर्सेंट’ला. गट डबल एक्स्पोझर, मिक्स वॉल्टर गिबन्सचं. गिबन्स स्वतः क्लबात डीजे होता. सात इंचीवर तीनेक मिनिटांत आटोपणारं गाणं त्याने पावणेदहा मिनिटांच्या घरात नेलं. गायक गप्प, व्हायोलिन गप्प, उरतो तो नुसता ठेका. नाचणाऱ्यांना हवी असलेली जागा नेमकी तीच.

(दृश्य: टेप कापण्या-जोडण्याचा स्प्लायसिंग ब्लॉक, दाढीचं पातं, पिवळी मेणपेन्सिल. कात्रणं टेबलाच्या कडेला चिकटवलेली.)

हे लांबवणं हाताने व्हायचं. टेप सेकंदाला १५ इंच धावते. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रा असेल, तर एक मात्रा म्हणजे साडेसात इंच टेप आणि चार मात्रांचं आवर्तन म्हणजे ३० इंच. आठ आवर्तनं वाढवायची तर २४० इंच, म्हणजे २० फूट टेप दुसऱ्या प्रतीतून कापून आणायची. मोजपट्टी कामाला येते, पण शेवटचा निकाल कानाचा.

दोन्ही रिळं हाताने मागे-पुढे हलवायची. आवाज घोगरा, गुरगुरल्यासारखा येतो. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, ‘धप’ जिथे सुरू होतो तिथे टेप वाचणाऱ्या हेडसमोर टेपवर पेन्सिलीची खूण. टेप ब्लॉकमध्ये बसवून ४५ अंशांत तिरका काप. सरळ कापलं तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. तिरक्या कापात पाव इंची टेपवर एक आवाज दुसऱ्यात सुमारे १७ मिलिसेकंदांत मिसळतो. पात्यात चुंबकत्व शिरलेलं असेल तर तिरका कापही टकटकतो, म्हणून पातं आधी डीमॅग्नेटाइझ करायचं. काप नेहमी किकच्या किंचित आधी, म्हणजे किकचा दणका सांधा झाकतो. सेंटीमीटरभर चुकलात तर लय २६ मिलिसेकंदांनी घसरते. आकडा क्षुल्लक वाटेल, पण पायांना ठेच लागते. नवख्यांचं आणखी एक ठरलेलं: झांजेची घुमणारी शेपटीच छाटली जाते आणि गाणं मध्येच श्वास कोंडल्यासारखं होतं.

लांबीचा मोह मात्र महागात पडतो. पॅट्रिक काउलीने १९७८ मध्ये गायिका डॉना समरच्या ‘आय फील लव्ह’वर आपले सिंथेसायझरचे सूर चढवून ते पावणेसोळा मिनिटांचं केलं, अधिकृतपणे ते १९८२ मध्ये बाजारात आलं. मिक्स अफाट आहे, वाद नाही. पण इतकं गाणं एका बाजूवर ३३ च्या वेगाने बसवलं तरी खाचांचं अंतर ०.१६ पर्यंतच जातं. खर्जाला आवर घालावाच लागतो.

मार्च १९८३ मधलं न्यू ऑर्डर या ब्रिटिश गटाचं ‘ब्लू मंडे’ हे तर रीमिक्सच नाही; साडेसात मिनिटांचं मूळ गाणंच बारा इंचांसाठी बांधलेलं. ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम-यंत्राचा किक, आणि मग थोडी हटून चालणारी सिंथची धून. गटातल्या जिलियन गिल्बर्टने सगळे स्वर एकेक करून यंत्रात भरले होते, त्यात एक सुटला आणि धून ठेक्यावरून सरकली. ती चूक तशीच राहिली, आणि बरं झालं. पीटर सॅविलने रचलेलं वेष्टण फ्लॉपी डिस्कसारखं. त्यावर गटाचं नाव अक्षरांत नाहीच, रंगांच्या सांकेतिक पट्टीत आहे.

(दृश्य: डीजेचं टर्नटेबल, पिचचा सरकता खटका.)

बारा इंचीवरच्या गाण्यात सुरुवातीला बत्तीस मात्रा नुसता ठेका का? दुसरी तबकडी त्याच लयीत आणायला डीजेला तेवढा अवधी लागतो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके २ वर वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली होतो. पण वेगाबरोबर सूरही चढतो: सहा टक्क्यांतच काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. ३३ ची तबकडी चुकून ४५ वर लावलीत तर थेट काळी तीन.

हाच चढ कोणी मुद्दामही घेतो. कॉर्नरशॉप या ब्रिटिश गटाचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे आपल्या आशा भोसल्यांना केलेलं वंदन. १९९७ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते साठाव्या क्रमांकावर अडकलं. डीजे नॉर्मन कुकने रीमिक्समध्ये लय आणि सूर दोन्ही चढवले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर होतं.

जुनी प्रत घेताना वेष्टणावर भाळू नका. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा आणि गाण्याची पहिली खाच बघा. डीजे तिथेच सुई ठेवून तबकडी मागे-पुढे घासत असत; त्यामुळे बाकी बाजू चकचकीत असली तरी पहिले काही सेकंद कढईत मोहरी तडतडावी तसे वाजतात. हे धुऊन जात नाही, खाच झिजलेली असते. मग टर्नटेबलवर ठेवून टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, बघा. प्रत्येक फेऱ्याला तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक मध्यावर नाही, आणि लांबलेले सूर हिंदकळणार.

शेवटी लेबलजवळचा कोरा पट्टा. ४५ च्या वेगाला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ६९ सेंटीमीटर खाच सरकते, लेबलपाशी जेमतेम २८. म्हणून ‘स’ आणि ‘श’ तिथे खरखरीत होतात. जाणकार कापणारा गाणं लेबलपासून दूरच संपवतो.

(दृश्य: सुई कोऱ्या पट्ट्यातून आत सरकते. शेवटच्या बंद खाचेचा ‘खट्... खट्...’ आवाज. पडदा काळा होईपर्यंत तो चालू ठेवावा.)