मनगट धर

(दृश्य: संध्याकाळ. मैदानाच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. दोन मुली मॅटचे तुकडे डोक्यावर घेऊन बाहेर येतात.)

कळवा. साडेसात वाजले की क्रिकेटवाली मुलं स्टंप उपटतात आणि हे मैदान मुलींचं होतं. त्याआधी मिळत नाही. पाच वाजल्यापासून कठड्यावर बसून वाट बघणाऱ्या मुली आम्ही रोज बघितल्या.

वेळ मिळाली तरी लगेच खेळ सुरू होत नाही. आधी खडे वेचायचे. मग मॅट अंथरायची. महिलांचं कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. या मंडळाकडे मॅट आहे ती निम्म्या मैदानाची. एक-एक मीटरचे 48 चौकोनी तुकडे. कडेचे दात एकमेकांत बसवायचे आणि टाचेने दाबायचे. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मार्करने आकडा लिहिलेला आहे. झिजलेले तुकडे कुठे लावायचे हे मुलींना पाठ आहे. कोपऱ्यात ते चालत नाहीत, कारण कोपऱ्यातल्या मुलीला सूर मारायचा असतो.

(दृश्य: शेवटचा तुकडा बसतो. त्याच्यापुढे माती.)

मध्यरेषेच्या अलीकडे मॅट, पलीकडे माती. चढाई करणारी मुलगी मातीतून निघते आणि मॅटवर येते. बुटांना माती लागली की मॅटवर पाय सरकतो, म्हणून प्रत्येक चढाईआधी ती तळवे पोटरीला पुसते. या अर्ध्या मॅटवर तयार झालेला संघ गेल्या मोसमात ठाण्याच्या खुल्या स्पर्धांमध्ये दोनदा उपांत्य फेरीत गेला होता.

(दृश्य: ठाणे स्टेशन. पायऱ्यांवरची गर्दी. खांद्यावर बॅग घेतलेली एक मुलगी धीम्या गाडीच्या फलाटाकडे जाते.)

ही त्या संघाची नवी चढाईपटू. मूळची कोकणातली. नोकरी ऐरोलीत. ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून धीम्या गाडीने पुढचंच स्टेशन कळवा. कामावरून सुटली की थेट मैदानात. संघातल्या मुलींपेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून सगळ्या तिला ताई म्हणतात.

तिची चढाई एकदा बघा.

(दृश्य: संथ गतीत एक चढाई. निवेदन थांबतं.)

उजवा पाय बोनस रेषेच्या, म्हणजे जादा गुण देणाऱ्या मागच्या रेषेच्या, पुढे टाकल्यासारखा करते. समोरची कोपरारक्षक त्या पायाकडे झेपावते. तोवर पाय मागे आलेला असतो आणि हात त्या मुलीच्या खांद्याला लागलेला असतो. चढाईला 30 सेकंद मिळतात. तिला बहुतेकदा निम्मीही लागत नाहीत.

दिवाळीनंतर मोसम सुरू झाला तेव्हा मैदानाभोवतीच्या प्रत्येकाला वाटत होतं की यंदा चषक कळव्यात येणार. आम्हालाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर हा माहितीपट त्या चषकाचा होणार होता.

पहिल्या पाच सामन्यांत चार पराभव झाले.

(दृश्य: गुणफलक. एकामागून एक चार.)

कबड्डी पाहणाऱ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट इथे पुन्हा सांगायला हवी. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर बसतो. संघाने समोरचा गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण आत येतो. ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने. म्हणजे तुमची सर्वांत भारी चढाईपटू पकडली गेली, तर तिला आत आणायचं काम उरलेल्या सहा जणींचं.

आणि समोरच्या संघांनी हेच हेरलं. इतर दोघी चढाईला आल्या की ते अंगावर यायचे नाहीत. मागे सरकून उभे राहायचे. पहिली चढाई कोरी, म्हणजे गुणाविना. दुसरीही कोरी. सलग दोन कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. ती तिसरी चढाई ताईच करणार, हे समोरच्यांना आधीच माहीत असायचं. सातही जणी तिच्यासाठी तयार.

(दृश्य: ताई मैदानाबाहेर बसलेली. मांडीवर हात. नजर मॅटवर. पुढची चाळीस सेकंद निवेदन नाही.)

प्रेक्षकांमधून तिच्या नावाने काय काय ओरडलं गेलं ते आम्ही ठेवलेलं नाही. दोष एकटीच्या माथी मारणं सोपं असतं. पण आमच्याकडच्या चित्रीकरणात दुसरंच काहीतरी दिसत होतं, आणि ते आम्हालाही तिसऱ्या सामन्यानंतर दिसलं.

(दृश्य: बचावाची साखळी. कॅमेरा हळूहळू डाव्या कोपऱ्याजवळ जातो. दोन हात.)

हे दोन हात बघा. डाव्या कोपऱ्यातली मुलगी आणि तिच्या शेजारची. गेली तीन वर्षं शेजारच्या या जागेवर दुसरी मुलगी उभी राहायची. दोघी एकमेकींचं मनगट धरायच्या. कोपऱ्यातली घोट्यावर झेप घेणार असली की आधी शेजारणीच्या मनगटाला हलका झटका द्यायची. तो झटका म्हणजे निरोप: मी निघाले, तू मागून धडक दे. शब्द नाही, खूण नाही, समोरचीला काही कळत नाही.

आता त्या जागेवर ताई उभी आहे. तिच्या आधीच्या संघात साखळी बोटांत बोटं गुंफून करायचे. इथेही ती बोटंच धरते. घामेजलेली बोटं सुटतात. झटका पोहोचत नाही. कोपऱ्यातली एकटीच झेपावते, शेजारीण अर्ध्या सेकंदाने निघते, आणि तेवढ्यात चढाईवाली मध्यरेषेला हात लावून मोकळी.

(दृश्य: तोच क्षण पुन्हा. आणि पुन्हा.)

अर्धा सेकंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोपऱ्यातल्या मुलीचा खेळ उतरला. तिने घोट्याला हात घातला होता. तिच्या मागे कोणी नव्हतं.

हे कळव्यातच घडतं असं नाही. प्रो कबड्डीच्या 2022 च्या मोसमात तमिळ थलायवाजने चढाईपटू पवन सेहरावतसाठी 2 कोटी 26 लाख रुपये मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो पुढे खेळू शकला नाही. त्याच्याशिवाय, तरुण चढाईपटूंच्या जिवावर, तो संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सने त्याच पवनला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. तो खेळला, गुणही आणले. टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून तळाला राहिले. पवनचा खेळ संपला होता का? मुळीच नाही. सात जणांचा संघ एकाच्या येण्याने पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात.

या मुलींकडे दिवस किती होते? ताईला कामामुळे आठवड्यातून तीन संध्याकाळी यायला जमायचं. त्यातही पोहोचायला सव्वाआठ. साडेनऊला मैदानाचे दिवे बंद होतात. खडे वेचणं आणि मॅट अंथरणं धरून हिशोब करा. सातही जणी एकत्र उभ्या राहिल्या ते आठवड्याचे जेमतेम साडेतीन तास, तेही अर्ध्या मॅटवर. हीच मुलं-मुली पुढे पोलीस, रेल्वे, बँकांच्या संघात नोकरीला लागतात, घर चालवतात. त्यांना सहा वाजता मैदान आणि पूर्ण 96 तुकड्यांची मॅट मिळायला हवी. आम्ही हे कॅमेऱ्यासमोर मागतो आहोत, कारण मुली मागणार नाहीत.

(दृश्य: पत्र्याची खोली. सात मुली एका मोबाईलभोवती. चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड.)

चौथ्या पराभवानंतर सरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, सराव घेतलाच नाही. मोबाईलवर एक सामना लावला. जकार्ता, 2018. आशियाई क्रीडास्पर्धेतला महिलांचा अंतिम सामना. 2010 आणि 2014, दोन्ही वेळी सुवर्ण भारताचं होतं. या वेळी समोर इराण, आणि इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. इराण 27, भारत 24.

मुली चढाया बघत होत्या. सर म्हणाले, "चढाई नका बघू. इराणच्या पोरींचे हात बघा."

दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातली मुलगी उठून ताईजवळ जाऊन बसली.

(दृश्य: दोघींचे हात. आवाज मूळ चित्रीकरणातला.)

"ताई, बोटं नको धरूस. मनगट धर."

"सुटेल गं."

"नाही सुटत. तू फक्त धर, झटका मी देते."

पुढचे दोन आठवडे आम्ही चित्रित केलं ते हेच. चढाईचा सराव जवळजवळ बंद. सर स्वतः खडू घेऊन मातीतून यायचे, डावीकडे वळायचे, आणि जिच्यापर्यंत झटका उशिरा पोहोचेल तिच्या खांद्यावर खडूची रेघ ओढायचे. पहिल्या दिवशी ताईचा खांदा पांढरा झाला होता. मनगटावर कोपऱ्यातल्या मुलीच्या चार बोटांचे वळ होते. ऑफिसात कोणीतरी विचारलं म्हणून तिने त्यावर घड्याळ बांधायला सुरुवात केली. मैदानात आली की घड्याळ काढून बुटात ठेवायची.

दुसरा सराव आणखी कठीण. अर्धा तास ताईला बाहेर बसवायचं आणि बाकीच्या सहा जणींनी खेळायचं. तिसरी चढाईही त्यांच्यातलीच एक करणार. पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी सगळ्यांत लहान, बारावीतली मुलगी रेषेवर गेली. मातीचे तळवे पोटरीला पुसले. दम धरला. पकडली गेली. सर म्हणाले, "परत जा." ती परत गेली.

ज्या मुलीच्या जागेवर ताई आली, ती डिसेंबरपासून सरावाला आलेली नाही. तिच्याशी आमचं बोलणं झालं नाही.

(दृश्य: रात्र. दिव्यांच्या माळा. प्रेक्षकांची गर्दी. सहावा सामना.)

या सामन्याचा पूर्वार्ध आमच्याकडे नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ताई बाहेर बसली होती. आत तिघी. पूर्वी या स्थितीत लोण बसायचा, म्हणजे सातही जणी बाद व्हायच्या.

समोरची चढाईवाली आली. डावीकडे वळली. आता कोपऱ्याकडे बघा. शेजारी बारावीतली मुलगी आहे.

(दृश्य: मनगटं. झटका. झेप. तिघी एकाच वेळी. शिट्टी.)

तिघी किंवा त्याहून कमी असताना पकड केली की एक गुण जास्त मिळतो. अव्वल पकड, दोन गुण. आणि क्रमाने पहिली बाहेर गेलेली आत येते.

(दृश्य: ताई उभी राहते. बुटात हात घालून घड्याळ नीट बसवते. मॅटवर येते.)

तो सामना त्यांनी तीन गुणांनी जिंकला. गटातून पुढे जायला तेवढं पुरेसं नव्हतं.

(दृश्य: दुसरी संध्याकाळ. कळवा. क्रिकेट चालू आहे. कठड्यावर सात मुली. ताई आज लवकर आली आहे. कोपऱ्यातली मुलगी तिचा हात ओढून घेते आणि मनगटावरचे वळ मोजते. निवेदन नाही.)