मत न देता परत फिरू नका

नमस्कार मंडळी. आज मतदान केंद्रावरच्या नियमांबद्दल बोलायचंय. एक गोष्ट आधीच सांगतो, मी बोलतोय ते लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाचं, कारण ग्रामपंचायत, झेडपी, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदे वेगळे आहेत, बरंचसं सारखं असतं पण सगळंच नाही. तर नियम म्हटलं की आपल्याला वाटतं हे करू नका ते करू नका एवढंच असणार. पण यातले कितीतरी नियम तुम्हाला काहीतरी देणारे आहेत आणि नेमके तेच लोकांना माहीत नसतात. निवडणूक ड्युटीवर मी बऱ्याचदा बसलोय, आणि कोणीतरी हिरमुसून मत न देताच परत चाललंय हे बघितलं की फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या माणसाला परत जायची काही गरजच नसते. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

आधी प्रचाराचं बघू. मतदान संपायची जी वेळ ठरलेली असते तिच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. सभा नाही, मिरवणूक नाही, टीव्हीवर प्रचार नाही, गर्दी जमवायला गाण्याबजावण्याचा कार्यक्रम नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ आहे ते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दारूविक्रीही तेवढेच ४८ तास बंद. बाहेरून प्रचाराला आलेले कार्यकर्ते, ज्यांचं त्या मतदारसंघात मत नाही, त्यांनी या काळात मतदारसंघ सोडायचा असतो. घरोघरी जाऊन शांतपणे भेटायला बंदी नाही, पण त्या भेटीत पाकीट निघालं की ती लाच, देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार.

मतदानाच्या दिवशी केंद्राभोवती १०० मीटरची हद्द आखलेली असते. या हद्दीत मत मागायचं नाही, अमक्याला देऊ नका असंही सांगायचं नाही, पक्षाचं चिन्ह दिसेल असं काही लावायचं नाही, म्हणजे टोपी, उपरणं, बिल्ला, सगळं आलं त्यात. दंड ऐकाल तर फक्त २५० रुपयांपर्यंत, त्यामुळे लोक त्याला हसण्यावारी नेतात, पण हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात हे लक्षात ठेवा. उमेदवारांचे बूथ, म्हणजे टेबल टाकून यादीतलं नाव शोधून देतात ते, पूर्वी २०० मीटरच्या बाहेर लागायचे, २०२५ ला केंद्रीय निवडणूक आयोगाने ते १०० मीटरच्या बाहेर चालतील असं केलं. तिथून मिळणारी चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदाची हवी, त्यावर पक्ष, उमेदवार, चिन्ह काही नको. आणि ती चिठ्ठी नाही घेतली तरी काही अडत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण बऱ्याच जणांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना वाटतं की त्या टेबलावर हजेरी लावल्याशिवाय आत सोडतच नाहीत. तसं काही नाही, सरळ केंद्रावर जा. उमेदवाराने भाड्याची गाडी करून मतदारांना फुकट नेणंही कायद्याने गुन्हा आहे, तुम्ही स्वतः चार शेजाऱ्यांना घेऊन आपल्या गाडीने गेलात तर तो नाही.

मोबाईल आत न्यायचा नाही. १०० मीटरच्या आत तो बंद ठेवायचा आणि केंद्राच्या दाराशी जमा करायचा, तशी सोय आयोगाने २०२५ पासून केलीय. यामागचं कारण समजून घ्या. बटण दाबतानाचा फोटो निघू शकला की तुम्हाला पैसे देणारा किंवा धमकावणारा माणूस उद्या पुरावा मागणार, दाखव कोणाला दिलंस. फोटोच निघत नसेल तर तुम्ही कोणालाही काहीही सांगा, त्याला पडताळता येत नाही. गुप्त मतदान गरीब माणसाच्या, कामावर ठेवलेल्या माणसाच्या, घरात दबून राहणाऱ्या बाईच्या सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे.

ओळखीसाठी मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, यातलं काहीही चालतं. घरी वाटलेली मतदार माहिती चिठ्ठी एकटी मात्र २०१९ पासून ओळख म्हणून चालत नाही. आणि कार्ड आहे पण यादीत नावच नाही, तर खरंच काही करता येत नाही, म्हणून नाव आधीच बघून ठेवा, १९५० हा हेल्पलाइन नंबर आहे. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवीन नाव चढत नाही.

आता आतल्या अडचणी. यादीत तुमच्या नावासमोर गैरहजर, स्थलांतरित किंवा मयत असा शेरा पडलेला असतो कधी कधी. घाबरायचं नाही, ओळखपत्र दाखवा, केंद्राध्यक्ष खात्री करून घेतात, सहीबरोबर अंगठाही घेतात आणि तुम्हाला मत देता येतं. यापेक्षा वाईट म्हणजे, तुम्ही गेलात आणि अधिकारी म्हणाले तुमचं मत तर झालंय. इथेच माणूस खचतो, दोन शब्द बोलतो आणि निघून जातो. जाऊ नका! केंद्राध्यक्षांना सांगा, मला प्रदत्त मत द्यायचंय, टेंडर्ड वोट म्हणा हवं तर, त्यांना लगेच कळतं. तुमची ओळख पटली की ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीच्या दिवशी ते मोजत नाहीत हे खरं, मग उपयोग काय असं वाटेल. २००८ ला राजस्थानात नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि त्या निकालावरच्या खटल्यात अशाच प्रदत्त मतांचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तुम्ही न भांडता घरी गेलात तर कोर्टाकडे बघायला काही उरतच नाही.

बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते, तिथेच उभं राहून नीट वाचा. भलतंच नाव दिसलं तर बाहेर येऊन आरडाओरडा करू नका, केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी घेतात, मग उमेदवारांच्या सगळ्या प्रतिनिधींसमोर तुमच्याकडून एक चाचणी मत टाकून घेतात. तक्रार खरी निघाली तर त्या मशीनवरचं मतदान तिथेच थांबतं, खोटी निघाली तर तुमच्यावर कारवाई होते, तेव्हा खात्री असेल तरच बोला पण असेल तर गप्प बसू नका.

दिसत नसेल किंवा स्वतः बटण दाबता येत नसेल तर सोबत माणूस नेता येतो, तो १८ वर्षांचा हवा आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. म्हणजे एखादा कार्यकर्ता आजीआजोबांची रांग घेऊन एकेकाला आत नेताना दिसला तर तो नियम मोडतोय. केंद्रावरचे कर्मचारी बटण कुठे असतं हे समजावून सांगतील, पण दाबून देणार नाहीत.

राहिली वेळ. सहा वाजले म्हणून रांगेतून निघून जाऊ नका, मतदान बंद व्हायच्या वेळेला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसापासून सही केलेल्या चिठ्ठ्या वाटत पुढे येतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही, मग आठ वाजू देत नाहीतर नऊ. शेवटचं मत पडलं की मशीन क्लोज होतं आणि किती मतं पडली त्याचा हिशोब फॉर्म १७-सी वर लिहून उमेदवारांच्या प्रतिनिधींना प्रत देतात. जे प्रतिनिधी म्हणून बसणार आहेत त्यांना सांगतो, दिवसभर दमलात तरी ती प्रत घेतल्याशिवाय उठू नका, मोजणीला मशीनचा आकडा ताडून बघायला तुमच्या हातात तोच कागद असतो.