विमानतळ ते सेंटर कोर्ट : हारी हेलिओव्हारा

[दृश्य : विम्बल्डनचं सेंटर कोर्ट. बेसलाइनपाशी हिरवळ झिजून माती दिसू लागलेली.]

13 जुलै 2024. दुपारी इथेच महिला एकेरीची अंतिम लढत झाली. आता पुरुष दुहेरीचा अंतिम सामना चालू आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मॅक्स पर्सेल आणि जॉर्डन थॉम्पसन यांनी पहिला सेट टायब्रेकरमध्ये, म्हणजे 6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गुणांच्या खेळात, घेतलाय. दुसराही टायब्रेकरवर येऊन थांबलाय. जाळ्याच्या पलीकडे इंग्लंडचा हेन्री पॅटन आणि फिनलंडचा हारी हेलिओव्हारा. दोघं बिगरमानांकित. हारीचं वय 35.

दहा वर्षांपूर्वी या माणसानं टेनिस सोडून दिलं होतं. तो हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी करत होता.

[दृश्य : बर्फानं झाकलेलं हेलसिंकी. इनडोअर कोर्टच्या छताखाली चेंडूचे ठोके.]

हारीचा जन्म 4 जून 1989 चा, हेलसिंकीतला. फिनलंड हा जेमतेम 56 लाखांची वस्ती असलेला देश. इथल्या पोरांच्या पायाला आधी स्केट्स बांधले जातात, हातात आइस हॉकीची काठी येते. टेनिस खेळायचं, तर वर्षातले कितीतरी महिने छताखालीच.

तरी या मातीतून टेनिसपटू निघाले. मास्कू नावाच्या छोट्या गावातला डावखुरा यार्को निएमिनेन 2006 मध्ये ऑकलंडची स्पर्धा जिंकला. एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतलं, एकेरीचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला फिनिश. त्याच वर्षी तो जागतिक क्रमवारीत तेराव्या स्थानापर्यंत पोहोचला. हारी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता.

पुढे हारीही व्यावसायिक झाला. पण व्यावसायिक टेनिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं फारसं काही त्याच्या वाट्याला आलं नाही. या खेळाची तळातली पायरी फार कोरडी असते. छोट्या गावांतल्या स्पर्धा, रिकाम्या खुर्च्या. प्रवासाचा, राहण्याचा खर्च आपल्याच खिशातून आणि जिंकलं तरी हाती येणारी रक्कम तुटपुंजी. त्यात दुखापती. शरीर साथ देत नव्हतं, मनही थकलं होतं.

2013 मध्ये त्यानं रॅकेट खाली ठेवली. वय होतं 24.

[दृश्य : हेलसिंकी विमानतळ. सामानाच्या ट्रॉल्या, फलकावर बदलत जाणारी शहरांची नावं.]

मग विमानतळावरची नोकरी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना मदत करण्याचं काम.

या वर्षांबद्दल बोलताना 'वाया गेलेली वर्षं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जो मुलगा लहानपणापासून हरण्या-जिंकण्यावर मोजला गेला, त्याला पहिल्यांदाच असं काम मिळालं होतं, जिथे दिवस संपला की निकाल लागत नाही. स्कोअरबोर्ड नाही, क्रमवारी नाही. माणसानं कधीतरी असंही जगून पाहावं.

2017 मध्ये तो परत आला. वय 28. क्रमवारीत पुन्हा तळापासून सुरुवात.

आणि हळूहळू त्याची वाट दुहेरीकडे वळली.

[दृश्य : दुहेरीचा सामना, वरून. जाळ्याजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन जोडीदाराला बोटांनी खूण करताना.]

दुहेरी हा वेगळाच खेळ आहे. एकेरीत बेसलाइनवरून वीस-वीस फटक्यांची झुंज चालते. इथे सर्व्हिस, रिटर्न, व्हॉली, आणि गुण संपला. जोडीदार पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो : मी आडवा धावणार, की जागेवरच थांबणार. चेंडू यायच्या आधी निर्णय झालेला असावा लागतो. एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत 40-40 झालं की पुढचा एकच गुण निर्णायक. एकेक सेट बरोबरीत सुटला, तर तिसरा सेटच नाही, थेट दहा गुणांचा टायब्रेकर. दोन तास उत्तम खेळून दोन चुकांत सामना जाऊ शकतो. इथे आदल्या गुणाचं दुःख तिथल्या तिथे पुसून टाकता यावं लागतं.

हारीला ते जमलं. इंग्लंडच्या लॉइड ग्लासपूलबरोबर त्यानं 2021 मध्ये मार्सेलची स्पर्धा जिंकली, 2022 मध्ये हॅम्बुर्गची. हॅम्बुर्गच्या अंतिम फेरीत समोर होता आपला रोहन बोपण्णा, जोडीला नेदरलँड्सचा मॅट्वे मिडेलकोप. निकाल 6-2, 6-4, हारी आणि ग्लासपूलच्या बाजूनं.

2023 च्या अमेरिकन ओपनमध्ये कझाकस्तानच्या ॲना डॅनिलिनासोबत मिश्र दुहेरीचं विजेतेपद. हारीचं पहिलं ग्रँड स्लॅम, वयाच्या 34 व्या वर्षी.

[दृश्य : मालागा, स्पेन. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांची गर्दी.]

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेव्हिस चषकाची, म्हणजे देशादेशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, उपांत्यपूर्व फेरी. समोर गतविजेता कॅनडा. फिनलंडचा कर्णधार तोच, यार्को निएमिनेन. संघाचा अव्वल एकेरी खेळाडू एमिल रुसुव्हुओरी त्या दिवशी कोर्टवर उतरलाच नाही. पुणेकरांना हा एमिल आठवत असेल. फेब्रुवारी 2022 मध्ये बालेवाडीत टाटा ओपनची अंतिम लढत तो जुआव सूझाविरुद्ध तीन सेटमध्ये हरला होता.

मालागात पहिला सामना कॅनडाच्या मिलोस राओनिचनं जिंकला. दुसरा फिनलंडच्या ओटो व्हिर्टानेननं. 1-1. आता सगळी भिस्त दुहेरीवर. व्हिर्टानेन आणि हारी कोर्टवर आले आणि 7-5, 6-3 असे जिंकून गेले. फिनलंड डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरीत! तिथे ऑस्ट्रेलियानं त्यांना थांबवलं. पण त्या रात्रीचे फिनिश प्रेक्षक पाहा. आइस हॉकीच्या देशात टेनिससाठी एवढा गळा कधी फुटला असेल?

[दृश्य : पुन्हा विम्बल्डन.]

2024 मध्ये हारीला नवा जोडीदार मिळाला, हेन्री पॅटन. हेन्रीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी तो याच विम्बल्डनमध्ये कोर्टच्या कडेला बसून सामन्यांची आकडेवारी नोंदवायचा. कोणाचा फटका कुठे पडला, कोण कुठे चुकलं, हे टिपण्याचं काम.

आता त्या दोघांचे फटके दुसरं कुणीतरी टिपत होतं.

पूर्ण सामन्यात कुणाचीच सर्व्हिस भेदली गेली नाही, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्यानं आपला गेम एकदाही गमावला नाही. तीनही सेट टायब्रेकरमध्ये. तीन वेळा पर्सेल आणि थॉम्पसन विजेतेपदापासून फक्त एका गुणावर होते. तीनही वेळा तो गुण हारी आणि हेन्रीनं हिसकावून घेतला. दुसऱ्या सेटचा टायब्रेकर 10-8. तिसऱ्याचा 11-9.

विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकणारा पहिला फिनिश. त्याआधी 2016 मध्ये फिनलंडच्याच हेन्री कोंटिनेननं इथे मिश्र दुहेरी जिंकली होती. पुरुष दुहेरीचा हा चषक मात्र पहिल्यांदाच फिनलंडला चालला होता.

[दृश्य : मेलबर्न, रात्र. रॉड लेव्हर अरीना.]

जानेवारी 2025. ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी, इटलीच्या सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी यांच्याविरुद्ध. पहिल्या सेटचा टायब्रेकर लांबत गेला, लांबत गेला आणि 18-16 वर संपला. इटलीच्या बाजूनं.

चौतीस गुणांचा टायब्रेकर हरल्यावर खांदे पडतात. हारी आणि हेन्री खुर्चीत बसले, पाणी प्यायले, उठले. दुसरा सेट पुन्हा टायब्रेकरमध्ये, या वेळी 7-5 असा त्यांचा. तिसरा 6-3.

[दृश्य : दोघं एकमेकांना मिठी मारताना. चित्र तिथेच गोठतं.]