लागलं तर नाही ना?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘कट मारणे’. पुढच्याला खेटून, त्याच्या अंगावरून वारं जाईल असं पुढं काढायचं, म्हणजे कट मारला. मी ३२ वर्षं स्टेअरिंगवर काढली. आधी सोलापुरातून चादरी-टॉवेलच्या गाठी भरून मुंबईला, हैदराबादला जाणारा मालट्रक, आणि शेवटची काही वर्षं कामगारांची ने-आण करणारी बस. कट मारायला मला कुणाकडून शिकावं लागलं नाही. रिटायर झाल्यावर गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. तेव्हापासून मी कट खातोय.

थोड्या दिवसांपूर्वीचीच गोष्ट. सकाळी दूध घेऊन अशोक चौकाकडं निघालो होतो. मागून एक पांढरी कार आली. हॉर्न नाही, काही नाही. तिच्या डाव्या आरशानं माझ्या शर्टाची बाही हलली. हँडल थरथरलं, पिशवीतलं दूध डचमळलं, आणि मी एक पाय टेकून उभा राहिलो. ती कार पुढच्याच सिग्नलला उभी. सायकलवाल्याचं हे एक बरं असतं, शहरात तो प्रत्येकाला सिग्नलवर गाठतोच. मी काचेवर टकटक केलं. आत पंचविशीतला पोरगा. म्हटलं, “काय रे बाळा, दिसलो नाही का मी?”

तो म्हणाला, “दिसला की काका. लागलं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

त्या ‘मग?’ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. सिग्नल सुटला, तो गेला. पोरगा उद्धट नव्हता बरं का. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या हिशेबात लागलं किंवा नाही लागलं, एवढे दोनच प्रकार होते. मधला प्रकारच नव्हता. आणि मला राग आला तो त्याचा नाही. मीही वर्षानुवर्षं हाच हिशेब केला होता.

बार्शी रोडला एकदा मी असाच एका दूधवाल्याला कट मारला होता. समोरून एसटी येत होती, गाडी भरलेली, गिअर उतरवायचा कंटाळा. दोघांच्या मधून काढली. आरशात बघितलं तर दूधवाला साइडपट्टीच्या खाली, दोन्ही पाय जमिनीवर, कॅन लोंबकळताहेत, आणि माझ्या गाडीकडं बघत उभा. शिवी देत नव्हता, नुसता बघत होता. रात्री ढाब्यावर मी ती गोष्ट हसत हसत सांगितली. “एक बोट राहिलं होतं” म्हणून. त्या एका बोटाचा मला अभिमान होता!

आता सायकलच्या सीटवरून बघितलं की ते बोट केवढं दिसतं, सांगतो. सायकल चालते ताशी १५ किलोमीटरनं. बस ४० नं आली, तर १२ मीटरची बस माझ्या शेजारून जायला दोनेक सेकंद घेते. ड्रायव्हरला ते कळतही नाही, त्याचं लक्ष कधीच पुढं गेलेलं असतं. मला मात्र त्या दोन सेकंदांत आधी हवेचा धक्का बसतो, बाहेरच्या बाजूला. मग गाडी निम्मी गेली की वारं उलटं ओढतं, चाकांकडं. धक्क्याला जोर लावून हँडल धरावं, तर तोच जोर पुढच्या क्षणी चुकीच्या बाजूला पडतो. शिवाय दोन चाकांवर तोल ठेवायचा तर सायकल थोडी डावी-उजवी होतच राहते. सरळ रेषेत सायकल चालते ती फक्त चित्रात.

आणि ऊसगाड्या. गाळप सुरू झालं की आपल्या जिल्ह्यात दिवसरात्र ट्रॅक्टर पळतात, मागं दोन दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर बिचारा इंजिनापुरतं अंतर ठेवतो. पण ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो, आणि वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती आत कापते. ट्रॅक्टर गेला म्हणून श्वास सोडावा आणि कानाशी पाचट खसखसावं. मागं टेपवर गाणी एवढ्या आवाजात, की आपण ओरडून उपयोग नाही.

ड्रायव्हर लोक म्हणतील, मग कडेनं चालवा की. मीही म्हणायचो. आता कडेचं सांगतो. आपल्या रस्त्याची कड म्हणजे वाळू, खडी, दबलेलं नाहीतर वर आलेलं चेंबरचं झाकण, आणि डांबर संपतं तिथं चार बोटांची पायरी. त्या पायरीवरून चाक खाली उतरलं तर तिरकं वर चढत नाही, घसरतं. गावात उभ्या रिक्षा, टेम्पो, आणि मागं न बघता उघडणारे कारचे दरवाजे. म्हणून शहाणा सायकलवाला कडेपासून हात-दीड हात आत चालवतो. तो रस्ता अडवत नसतो, खड्डा चुकवत असतो. बसच्या केबिनमधून तो खड्डा दिसत नाही, फक्त सायकलवाला ‘मधे आलेला’ दिसतो.

सायकलवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. रात्री लाइट नाही, मागं लाल रिफ्लेक्टर नाही, कानात वायर घालून उलट्या बाजूनं येणारे मीही बघतो. आमच्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. दिव्याशिवाय रात्री निघालो की पोलीस चाकातली हवा सोडायचा. ते बिल्ले गेले आणि दिवेही गेले. अक्कलकोट रोडला एमआयडीसीची सेकंड शिफ्ट सुटते, तेव्हा अंधारातून डबे लटकवलेल्या सायकली अशा बाहेर पडतात की ब्रेकवरचा पाय काढायची सोय नसते. केबिनमध्ये बसून मी जे घाबरलो, तेही खोटं नव्हतं.

पण वजनाचा हिशेब करा. चूक कुणाचीही असो, हाड एकाचंच मोडतं.

बाहेरच्या देशांनी हे फुटपट्टीनं ठरवून टाकलंय. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर जागा सोडायची. फ्रान्समध्ये एक आणि दीड. इंग्लंडच्या नियमपुस्तकात २०२२ साली दीड मीटर छापलं. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं नियमबाह्य ओव्हरटेकला धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. लायसन्स काढताना हे वाचलेला माणूस मला स्टँडवर अजून भेटायचा आहे.

आणि दीड मीटर सोडायचा म्हटलं तर आपल्या सोलापुरात मधल्या मारुतीच्या देवळाजवळ तो आणायचा कुठून? नवी पेठेत एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला पार्किंग. अशा जागी ड्रायव्हर अंतर मोजत बसतो, बसेल का, नाही बसणार? मी सांगतो, तिथं मोजायचंच नाही. मागं राहायचं. अरुंद रस्ता समजा १०० मीटर आहे. सायकलच्या मागं गेलात तर २४ सेकंद लागतील, ४० च्या वेगानं गेलात तर ९. पंधरा सेकंदांचा फरक. स्टँडवर तंबाखू मळायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागायचा.

मागं राहायचं म्हणजे हॉर्न वाजवत राहायचं असं नव्हे. ट्रकच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रानं २०१५ मध्ये बंदी घातली, पण अंगठ्याची सवय गेली नाही. कानाशी एअर हॉर्न वाजला की माणूस दचकून मागं वळून बघतो, आणि ज्या बाजूला बघतो त्याच बाजूला हँडल जातं. म्हणजे गाडीकडंच. मग वर शिव्या खातो तोच. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत त्याची सोय आहे.

कोजागरीच्या सुमारास तुळजापूरचा रस्ता वाहनांना बंद करतात. लोक रात्रभर चालत जातात. त्या रस्त्यावर मी एकदा सायकल हातात धरून हिप्परग्याच्या तलावापर्यंत गेलो होतो. मागून काही येणार नाही याची खात्री असली की मान किती सैल राहते, ते त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

एक गंमत सांगतो. त्या ‘मग?’नंतर मी एक उपाय केला. सायकलच्या कॅरिअरला उजव्या बाजूला दोन फुटांची वेताची काठी आडवी बांधली. आमच्या हिनं जुन्या सोलापुरी चादरीचा लाल काठ फाडून तिच्या टोकाला बांधून दिला. बिड्या वळण्यात तिची हयात गेली, तिची गाठ सुटत नाही. आणि काय सांगू, त्या दिवसापासून गाड्या लांबून जायला लागल्या! माणसाला जागा देत नव्हते ते चिंधीला द्यायला लागले. कारण माणूस लागला तर भांडण, पण काठी लागली तर रंगावर ओरखडा.

पंधरा दिवस चांगलं चाललं. काल संध्याकाळी कन्ना चौकात एका टेम्पोच्या आरशात ती चिंधी अडकली, आणि काठीसकट गेली. टेम्पोवाला थांबला नाही, त्याला कळलंच नसणार. नवी काठी आणायची राहिली आहे, त्यामुळं आज इथं स्टुडिओत नुसताच आलो. आता तसाच परत जायचंय, आणि सेकंड शिफ्ट सुटायची वेळ झालीय.

नमस्कार.