उजेड लावायचा, मग उजेड टाळायचा

श्रोतेहो, नमस्कार.

बोलता बोलता एक करून बघा. कपाळावरून, कानाच्या पाळीवरून, हाताच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवा. केस गेले असतील तर डोक्यावरूनही फिरवा. वर्षानुवर्षं ऊन झेललेल्या त्वचेवर कधी कधी एखादी जागा पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. डोळ्यांच्या आधी ती बोटाला कळते. वरची खपली निघते आणि चार दिवसांत पुन्हा धरते. हा चट्टा म्हणजे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. गोऱ्या त्वचेवर तो पुष्कळ दिसतो, सावळ्या त्वचेवर क्वचित. हा कर्करोग नाही, आणि अशा बहुतेक चट्ट्यांचा पुढे कर्करोग होतही नाही. पण काहींचा होतो, आणि तो नेमका कुठल्या चट्ट्याचा होणार हे आधी सांगता येत नाही. म्हणून आम्ही त्वचारोगतज्ज्ञ त्यावर उपचार करून घ्या म्हणतो.

एखाद-दुसराच चट्टा असेल तर द्रव नायट्रोजनने गोठवला की काम होतं. कपाळभर किंवा टाळूभर पसरलेले असतील, तेव्हा आज सांगतोय तो उपचार फार उपयोगी पडतो. त्याचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी. आधी मलम, मग उजेड.

रक्ताला लाल रंग देणारा हीम नावाचा पदार्थ शरीरातल्या बहुतेक पेशी थोडाफार तयार करतात. मलमातलं अमिनोलेव्ह्युलिनिक अ‍ॅसिड हा त्याचाच कच्चा माल. बिघडलेल्या पेशी तो भरभरून आत घेतात, पण शेवटी त्यात लोह बसवायचं काम मागे पडतं आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य साचत जातं. अंधारात ते निरुपद्रवी असतं. उजेड पडला की मात्र ते जवळच्या ऑक्सिजनला इतकं आक्रमक करतं की ती पेशी मरते. रंगद्रव्य आणि उजेड मिळून जीव घेतात हे म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं. पाण्यातल्या एकपेशीय जिवांवर प्रयोग करून त्याने ते 1900 साली मांडलं. अमेरिकेत या चट्ट्यांसाठी अशा औषधाला 1999 साली मान्यता मिळाली.

मलम मुरल्यावर खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला, की ते चट्टे लालसर गुलाबी चमकू लागतात. साध्या उजेडात आम्हाला न दिसलेलेही दोन-चार त्यात निघतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय, तरी अजून दर वेळी थबकतो.

आता वेदनेबद्दल. ती होते, आणि हे रुग्णाला आधी न सांगणं मला चुकीचं वाटतं. निळ्या दिव्याच्या एका रूढ पद्धतीत 1000 सेकंद, म्हणजे 16 मिनिटं 40 सेकंद, दिव्यासमोर बसावं लागतं. पहिल्या काही मिनिटांतच चटचट भाजायला लागतं. पंखा लावतात, गार पाण्याचा फवारा मारतात, फारच झालं तर दिवा थोडा वेळ बंद करतात. त्यामुळे दात-ओठ खात सोसू नका, सरळ सांगा. मलम लावून दोन तास दिवसाच्या उजेडात बसण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात आग बरीच कमी होते, कारण प्रोटोपॉर्फिरिन साचून न राहता तयार होईल तसं वापरलं जातं. पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मनाने नाही.

दिव्याखालून उठलात म्हणजे सुटलात असं समजू नका. त्वचेत औषध शिल्लक असतं, त्यामुळे पुढचे दोन दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे. खिडकीच्या काचेतून येणारा उजेडही त्यात आला. नेहमीचं सनस्क्रीन इथे पुरत नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही जागं होतं. घरात बसा, पडदे ओढा. बाहेर पडावंच लागलं तर रुंद काठाची टोपी आणि कपड्याने जागा पूर्ण झाका. चेहरा लाल होईल, सुजेल, मग खपल्या धरतील. आठवडा-दोन आठवडे आरशात बघवणार नाही, पण खपल्या नखाने काढू नका.

पोर्फिरिया, म्हणजे शरीरात हीम तयार होण्यातच बिघाड असण्याचा आजार, असलेल्यांनी हा उपचार घ्यायचा नाही. चट्टा जाड, कडक असेल, दुखत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा तो भराभर वाढत असेल, तर आधी तुकडा काढून तपासायचा. तिथे मलम-दिव्यात वेळ घालवणं धोक्याचं आहे.

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला या. तेव्हा मी दिवा लावण्याआधी त्या जागेवरून बोट फिरवतो. खरखर लागली, तर पुन्हा एकदा मलम आणि उजेड.

नमस्कार.